मामाची एकोणीस मण जवारी

बसा, चहा ओतून घ्या, आणि हसू आवरणार नसेल तर कप आधी खाली ठेवा. चुका सगळेच करतात हो. कुणी भलत्याच मांडवात शिरून पोटभर जेवून येतो, कुणी दुसऱ्याची सायकल आपली समजून घरी आणतो. पण सरकारी फॉर्मावर, सुवाच्य अक्षरात, खाली स्वतःची सही ठोकून केलेला घोटाळा तुमच्यापैकी कुणाच्या नावावर आहे? माझ्या आहे. आज इतकी वर्षं झाली, तरी कुठल्याही फॉर्मावर सही करायच्या आधी मी तो तीनदा वाचतो.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीला बी.एस्सी. झालो आणि अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत आकडेवारीचा सहायक म्हणून चिकटलो. कचेरी कुठली ते विचारू नका. आमच्या घरात त्याआधी सरकारी खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं. वडील कापसाच्या जिनात सरकीची पोती उचलायचे. माझी ऑर्डर आली तेव्हा त्यांनी ती आधी विहारात नेऊन चार लोकांना दाखवली, मग पेटीत ठेवून वर कुलूप लावलं. नोकरी अजून कच्ची होती. पहिलं वर्ष बिनबोभाट गेलं तर पक्की, नाही तर बापलेक दोघंही जिनात.

आमचं काम म्हणजे पिकाचा अंदाज काढणं. तालुक्यातली वीस वावरं चिठ्ठ्या टाकून निवडायची, प्रत्येक वावरातला मोजका तुकडा कापायचा, ज्वारी झोडून तोलायची आणि हिशेबानं एकरी किती मण पडली ते फॉर्मात लिहायचं. नवी किलोची वजनं आली होती, पण लोकांच्या तोंडात मणच होता, आणि खरं सांगायचं तर आमच्याही.

आमचे सोहोनी साहेब पुण्याचे. माणूस देवासारखा, पण गणितानं झपाटलेला. एक दिवस मला बोलावून म्हणाले की, वीस वावरं मोजून काढलेल्या सरासरीवर आपण विश्वास ठेवतो, पण दुसरी वीस निवडली असती तर सरासरी किती हलली असती, हे कधी पाहिलंय का? मी म्हटलं, नाही साहेब. ते म्हणाले, मग पाहा. परत वावरं कापायला माणसं नाहीत आणि हंगामही गेलाय. तेव्हा कागदावर पाहा.

आता हे कागदावर पाहायचं कसं, ते नीट ऐका, कारण माझं मरण त्यातच आहे.

साहेबांनी मला चांदूर रेल्वे तालुक्याचं एक जुनं कोष्टक दिलं. तालुका अमरावती जिल्ह्यातला, पण त्याचं काम तेव्हा आमच्याच कचेरीकडे होतं. त्यात एकेका वावराचं पीक नव्हतं, गट होते. दोन मणांच्या आतली वावरं इतकी, दोन ते चारची इतकी, चार ते सहाची इतकी, असे. समजा शंभरातली बारा वावरं पहिल्या गटात, तर शून्य-शून्य ते अकरा हे आकडे त्या गटाला द्यायचे. पुढचे आकडे पुढच्या गटाला. पंचेचाळीस ते एकोणऐंशी हे चार ते सहा मणांना. अगदी शेवटच्या गटात, दहा ते वीस मणांत, शंभरात एखादंच वावर. त्याच्या वाट्याला फक्त नव्याण्णव. मग कसलाही नियम नसलेला, आपोआप आलेला दोन अंकी आकडा घ्यायचा. तो ज्या गटात पडेल त्या गटातलं एक वावर कागदावर उभं राहिलं. गटात ते नेमकं कुठं, हे ठरवायला आणखी एक अंक. असं वीस वेळा केलं की झाला एक खोटा तालुका. असे बरेच खोटे तालुके केले की सरासरी किती हलते ते दिसतं.

असे बेशिस्त आकडे छापलेलं एक पुस्तक असतं. हसू नका, खरंच असतं. पण आमच्या कचेरीतलं पुस्तक नागपूरला गेलं होतं ते परत आलंच नव्हतं. मी म्हटलं, मनानंच घेतो आकडे. साहेब म्हणाले, मन फार लबाड असतं, त्याला आवडते आकडे असतात. दुसरं काहीतरी करा. आणि त्याच दिवशी आईच्या आजारपणाची तार आली म्हणून ते महिन्याच्या रजेवर पुण्याला निघून गेले.

मी डोकं लढवलं. दहा सारखे चिंचोके निवडले, त्यांची एक बाजू घासून पांढरी केली, त्यावर शाईनं शून्य ते नऊ हे इंग्रजी आकडे लिहिले आणि पाणी प्यायच्या पितळी गडव्यात टाकले. गडवा हलवायचा, डोळे मिटून एक चिंचोका काढायचा, अंक लिहायचा, चिंचोका परत आत. पुन्हा हलवायचा. कचेरीतले लोक येता-जाता बघायचे. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, दारात उभे राहून एकदा बराच वेळ पाहत होते. त्या दिवसापासून ते माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसे हळू बोलायला लागले.

कोरा कागद मिळायचा नाही, म्हणून मी छापील फॉर्मच वापरले. वर चांदूर रेल्वे तालुका लिहिलं. आता फॉर्मात शेतकऱ्याचं नाव आणि गाव असा रकाना असतो. रिकामा रकाना मला बघवत नाही, हा माझा स्वभाव. म्हटलं, पीक खोटं आहे तर शेतकरीही खोटे लिहू. पहिल्या फॉर्मावर मी हौसेनं वीस नावं रचून घातली. अठरा नावांनंतर डोकं चालेना, तेव्हा एकोणिसाव्या ओळीत मी माझ्या सख्ख्या मामाचं नाव टाकलं. किसन उकंडा. गावही त्याचंच, चांदूर रेल्वेपासून दोन कोसांवरचं.

त्या ओळीसाठी चिंचोका काढला, नऊ. दुसरा काढला, नऊ. नव्याण्णव! म्हणजे शेवटचा गट, दहा ते वीस मण. गटातली जागा ठरवायला तिसरा काढला, तोही नऊ. मामाच्या नावापुढे मी लिहिलं, एकरी एकोणीस मण. आणि स्वतःशीच हसलो. कारण मामाचं वावर मला ठाऊक होतं. तीन मण पडली तर मामी गूळ वाटायची.

फॉर्म भरला की खाली सही करायची सवय होती. केली.

पुढच्या फॉर्मांवर नावं रचायचा कंटाळा आला, तिथं नुसते आकडे लिहिले. मग बहिणीला पाहायला पाहुणे येणार म्हणून मी दोन दिवस अमरावतीला गेलो. नेमकं त्याच वेळी अमरावतीच्या मोठ्या कचेरीत तालुकावार फॉर्म पाठवायची मुदत आली. बडे बाबूंनी माझ्या ट्रेत पाहिलं. चांदूर रेल्वेचा खरा फॉर्म खाली होता. वर होता तो माझा चिंचोक्यांचा. नावं भरलेली, अक्षर मोत्यासारखं, सही जागच्या जागी. त्यांनी बिचाऱ्यांनी तोच लावला, शिक्का मारला आणि टपालात टाकला. परत आल्यावर त्यांनी मला कौतुकानं सांगितलं की तुझं काम मी अडू दिलं नाही. मी ट्रेत पाहिलं, तर खरा फॉर्म तिथंच होता.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. हो, मला कळतं ते. पण साहेब पुण्याला, नोकरी कच्ची, आणि माझ्या चुकीवर बडे बाबूंचा शिक्का. मी मनाला समजावलं की शेकडो फॉर्म जातात, कोण वाचतंय?

वाचलं. पंधरा दिवसांत पत्र आलं. चांदूर रेल्वे तालुक्यात श्री. किसन उकंडा यांनी कोरडवाहू जमिनीत एकरी एकोणीस मण ज्वारी काढल्याचं निदर्शनास आलं असून, अमरावतीचे मोठे साहेब स्वतः गावी जाऊन त्यांचा सत्कार करतील आणि पद्धत समजून घेतील. संबंधित सहायकानं हजर राहावं.

संबंधित सहायक म्हणजे मी. पत्र मी दोनदा वाचलं, मग खुर्ची ओढून बसलो. बडे बाबूंनी पाणी आणून दिलं. त्याच गडव्यातून, चिंचोके बाजूला काढून.

मामाला आधी जाऊन सांगावं म्हटलं तर दिवस उरला नव्हता. पॅसेंजरनं चांदूर रेल्वेला उतरलो तर स्टेशनबाहेर जीप उभीच. आत मोठे साहेब, त्यांचा एक मदतनीस, एक फोटोग्राफर आणि झेंडूचा हार. रस्ताभर साहेब मला विचारत होते की कापणीच्या वेळी कणीस केवढं होतं. मी हातानं काहीतरी दाखवलं. केवढं दाखवलं ते आता आठवत नाही, पण ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं होतं.

मामा ओसरीवर दोर वळत बसला होता. जीप पाहून अख्खं गाव गोळा झालं. साहेबांनी नमस्कार करून विचारलं, किसन उकंडा आपणच का? मामा उठून उभा राहिला. साहेबांनी फॉर्म काढला आणि सगळ्यांसमोर वाचून दाखवलं की या वावरात एकरी एकोणीस मण ज्वारी पडली आहे.

मामानं हातातला दोर खाली ठेवला. त्यानं साहेबांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा म्हणणार, कोणाची एकोणीस मण? आणि सगळं तिथंच संपणार. एका परीनं तसं झालं तर बरं, असंही वाटून गेलं.

मामा म्हणाला, "हो. पडली तं."

धरणी दुभंगावी असं वाटतं म्हणतात ना, मला ते त्या दिवशी वाटलं. एवढ्यावर थांबता तरी! साहेबांनी पद्धत विचारली आणि मामा सुरू झाला. शेणखत किती बंड्या, म्हणजे बैलगाड्या, टाकलं, नांगरट किती खोल केली, निंदण किती वेळा केलं. साहेब डायरीत लिहीत होते. एवढ्यावर एकोणीस मण कसे, असं त्यांनी विचारल्यावर मामानं गोष्टीत नदीचा गाळ आणला. उन्हाळाभर बंडीनं कसा वाहिला, वावरात केवढा थर दिला, ते हातवारे करून सांगितलं. साहेबांनी वावर पाहायचं म्हटलं. वावरात काय असणार, धसकटं. पण साहेब धसकटांकडे देवळातल्या मूर्तीकडे पाहावं तसे पाहत होते. आणि गावकरी? त्यांना मामाचं वावर आणि मामाची ज्वारी, दोन्ही ठाऊक. एकानं चकार शब्द काढला नाही. पाटील तर पुढे होऊन म्हणाले, ते पीक मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांना वाटलं असेल, सरकार म्हणतंय तर पडलीच असेल.

मामाच्या गळ्यात हार पडला. फोटो निघाला. फोटोत मीही आहे, मामाच्या डाव्या हाताला, नुकताच बुडता वाचवलेल्या माणसासारखा.

परत जाताना मामाशी एकट्यानं बोलायला मिळालं नाही, आणि मनातून मी त्याच्यावर भडकलो होतो. चूक माझी, मान्य. पण या माणसानं हार गळ्यात पडावा म्हणून एवढं खोटं बोलावं? रेल्वेत बसून मी त्याला काय काय म्हटलं ते सांगत नाही.

पुढं ऐका. अमरावतीच्या शेती प्रदर्शनात मामाचा फोटो लागला, खाली मोठ्या अक्षरांत एकोणीस मण. मामाच्या घरी परगावचे शेतकरी विचारायला येऊ लागले. आणि मग दुसरं पत्र आलं. किसन उकंडा यांची पद्धत येत्या हंगामात जिल्हाभर राबवण्याचा विचार असून नागपूरहून त्याहून मोठे साहेब येत आहेत, आकडेवारी घेऊन तयार राहा.

जिल्हाभर! इथं मात्र मी हादरलो. एका माणसाच्या खोट्या पिकावर हजारो लोक आपलं खरं बियाणं पेरणार. मामानं त्या दिवशी अंगात आल्यासारखं काय काय सांगितलं होतं, कुणास ठाऊक. त्यात एखाद्या गरिबाचं वर्ष बुडालं तर? नोकरी जाते तर जाऊ दे, जिनात पोती उचलू, पण हे नको.

सोहोनी साहेब त्याच आठवड्यात लांबलेल्या रजेवरून परत आले होते. मी सरळ त्यांच्या खोलीत गेलो आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ते ऐकत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग अत्यंत शांतपणे विचारलं की मुळात एकोणीस आलं कसं.

मी म्हटलं, नव्याण्णव आलं, आणि मग नऊ.

"लागोपाठ तीन नऊ?" साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझी नोकरी, मामा, अमरावती, नागपूर सगळं ते विसरले. "आणा ते चिंचोके."

मी गडवा आणला. त्यांनी टेबलावर उलटा केला आणि चिंचोके एका रांगेत मांडले. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच, सात, आठ. मग हात थांबला. दोन चिंचोके उरले होते. त्यांनी एक माझ्यासमोर धरला.

"हा किती?"

"नऊ."

त्यांनी तो बोटांत फिरवून उलटा धरला. "आता?"

आता तो सहा होता. दुसराही तसाच. ह्या बाजूनं सहा, त्या बाजूनं नऊ. खाली एक रेघ मारायचंसुद्धा मला सुचलं नव्हतं.

"म्हणजे ते सहासष्ट असू शकतं," साहेब म्हणाले. "चार ते सहाच्या गटातलं. पाच मणांच्या आसपास." मग माझ्याकडे पाहून अतिशय दुःखानं म्हणाले, "वानखडे, तुमच्या मामांचं पीक वावरात तर नव्हतंच. ते धडपणे कागदावरही नव्हतं हो."

त्यांनी स्वतःच्या सहीनं अमरावतीला पत्र लिहिलं, झाली चूक माझ्या देखरेखीतली आहे म्हणून. नागपूरचा दौरा रद्द झाला, फोटो प्रदर्शनातून उतरला. मला लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी पक्की व्हायला सहा महिने जास्त लागले. एवढ्यावर निभावलं ते त्या माणसामुळे. फक्त एक अट घातली त्यांनी. मामांना जाऊन तुम्ही स्वतः सांगायचं.

गेलो. काय तोंडानं गेलो ते मलाच माहीत. मामा जेवायला बसला होता. मामीनं मलाही ताट वाढलं. मी घास न घेता सगळं सांगितलं. गटवारी, चिंचोके, सहा, नऊ. आणि शेवटी, जरा घुश्शातच, विचारलं की माझी चूक झाली खरी, पण मामा, तू हो कशाला म्हणालास?

मामानं भाकरीचा तुकडा मोडला.

"तुहं अक्षर मी वळखतो ना रे. तू दर महिन्याले पत्र लिवतो मले. साह्यबाच्या हातात कागद पायला, त्यावर तुहं अक्षर. मांगं तुहं तोंड पायलं, पांढरंफटक. म्हटलं, पोट्टं कशात तरी फसलं. मी नाई म्हनलो तं तथीच तुही नोकरी जाते. मंग काय म्हनू?"

ज्याला मी रेल्वेभर शिव्या घातल्या होत्या, तो माणूस माझ्यासाठी साऱ्या गावासमोर खोटं बोलला होता. तरी मी पुटपुटलो की तू जे सांगितलंस ते ऐकून लोकांनी तसंच केलं असतं तर कुणाचं तरी वावर बुडालं असतं.

"कसं बुडते? मी काय यडा हावो? शेनखत सांगतलं, नांगरट सांगतली, निंदन सांगतलं, गाय सांगतला. यानं कोनाचं वावर बुडालं आजलोक? मी खोटं बोललो, पन पायून पायून बोललो." गाळाला मामा गाय म्हणायचा.

मामी चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती.

मामानं पाण्याचा घोट घेतला, मिशा पुसल्या आणि पहिल्यांदाच जरा रागानं माझ्याकडे पाहिलं.

"पन एक सांग मधू, येवढा शिकला तू, मंग एकोनीस काहून लिवलं? नऊ मन लिवली असती तं माहं शेनखतावर भागलं असतं. तुह्या एकोनीसापायी मले सारी नदी वावरात आना लागली."